बाबागाडी कुणाची?

गेल्या पावसाळ्यात लीड्सहून माझ्या मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. म्हणाली, "अब्बा, बाबागाडी घ्यायची आहे. यांचं म्हणणं तीन चाकांची घ्यावी, मला चार चाकांची बरी वाटते. तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणणार? आयुष्यात मी एकही बाबागाडी विकत घेतलेली नाही. माझी मुलं कडेवर आणि खांद्यावर वाढली. पण आमच्या घराचा या विषयाशी जुना संबंध आहे. वडील पुण्यात रिक्षा चालवत आणि अम्मी कँपातल्या एका बंगल्यात दुसऱ्यांचं मूल बाबागाडीतून फिरवत असे. शिवाय बी. ए.ला माझा विषय इतिहास. तेव्हा मुलीला म्हटलं, "दोन दिवस थांब. ही गाडी आली कुठून ते आधी बघतो, मग सांगतो." दोन दिवसांचे दोन महिने झाले. जे हाती लागलं ते आज तुम्हालाही सांगतो.

सुरुवात नावापासून करू. इंग्रजांनी या गाडीला 'पेरॅम्ब्युलेटर' म्हटलं. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ हिंडणारा, फेरफटका मारणारा. 'प्रॅम' हे त्याचंच आखूड रूप. म्हणजे त्यांनी चालणाऱ्यावरून नाव दिलं आणि आपण बसणाऱ्यावरून. पण मराठीत 'बाबा' म्हणजे लहान मूलही आणि बापही. त्यामुळं ही गाडी नेमकी कुणाची, हा प्रश्न आपल्या शब्दातच बसलेला आहे. इतिहास चाळताना मला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटत गेला.

सर्वांत प्रसिद्ध जुनी गाडी आहे 1733च्या सुमाराची. इंग्लंडमध्ये विल्यम केंट नावाचा मोठा वास्तुरचनाकार आणि बागांची आखणी करणारा कलावंत होता. त्यानं डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी बनवली. घराण्याच्या चिन्हात साप होता, म्हणून गाडीच्या नक्षीतही साप आले. ही गाडी ढकलायची नव्हती. तिला बकरी किंवा लहानसं तट्टू जुंपायचं. बागेत मिरवायची ती हौस होती. मुलाला कुठं न्यायचं आहे, हा प्रश्नच तिथं नव्हता.

ढकलायची गाडी आली ती एकोणिसाव्या शतकात. 1853 साली लंडनमध्ये चार्ल्स बर्टन यांनी पेरॅम्ब्युलेटरचं पेटंट घेतलं. आमच्या घरातल्या वादाच्या दृष्टीनं गंमतीची गोष्ट अशी की, या सुरुवातीच्या गाड्या तीन चाकांच्याच होत्या. पुढं एक, मागं दोन. आणि त्याचं कारण मुलाच्या सोयीत नव्हतं, कायद्यात होतं. 1835च्या हायवे ॲक्टप्रमाणं पायी चालणाऱ्यांच्या वाटेवर गाडी नेणं हा गुन्हा होता, दंड व्हायचा. चार चाकं म्हणजे गाडी. तीन चाकांवर भागवलं तर फुटपाथवरून जाता येईल, अशी ही पळवाट होती, असं जुन्या प्रॅमचे अभ्यासक सांगतात. या गाड्यांत मूल बसवलेलं असे, निजवलेलं नसे. ज्याची मान धरली नाही, ज्याला बसता येत नाही, अशा तान्ह्या बाळासाठी त्या नव्हत्याच.

पुढं निजत्या बाळासाठी चार चाकांच्या, खोल बुडाच्या, स्प्रिंगवर झुलणाऱ्या गाड्या आल्या. 1877मध्ये विल्यम विल्सन यांनी 'सिल्व्हर क्रॉस' ही कंपनी काढली, ती लीड्समध्ये. माझी मुलगी राहते त्याच गावात! अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या आफ्रिकी अमेरिकी संशोधकानं 1889मध्ये आणखी एक पेटंट मिळवलं. त्याच्या गाडीतलं पाळण्यासारखं बूड फिरवता येई, म्हणजे बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे करता येई. मला हा माणूस फार आवडला. इतक्या वर्षांत कुणीतरी बाळाला काय दिसतं, याचा विचार केला होता.

पण ढकलणारी कोण होती? मोठ्या घरांत आई नव्हे, दाई. आणि आपल्याकडच्या गोऱ्या साहेबांच्या घरांत आया. सुट्टीवर किंवा कायमचं मायदेशी निघालेली इंग्रज कुटुंबं बोटीवर मुलं सांभाळायला आयांना सोबत नेत. तिथं पोचल्यावर परतीची सोय झाली नाही, तर त्या परमुलखात अडकून पडत. अशा बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचं घर होतं. 1900पासून ते हॅकनी भागात होतं. तिथल्या एका इमारतीवर 2022मध्ये स्मरणाची निळी पाटी लागली. त्यांनी वाढवलेल्या साहेबांच्या नावाच्या पाट्या आधीच लागल्या होत्या, एवढाच फरक.

हे वाचत होतो तेव्हा अम्मी शेजारी पडवीत लसूण सोलत बसली होती. ती साहेबाच्या राज्यातली आया नव्हे. तिनं काम धरलं ते 1972मध्ये. दुष्काळाची, महागाईची सालं. अब्बांची रिक्षा भाड्याची. बंगल्यातली गाडी उंच, जड, पुढची चाकं लहान आणि मागची मोठी. रोज संध्याकाळी ती त्या घरचं मूल घेऊन निघे. मी तेव्हा दोन वर्षांचा. मला नानीकडे ठेवलेलं असे, पांगुळगाड्यासोबत. पांगुळगाडा आठवतो ना? सुतारानं केलेली लाकडी चौकट, धरायला आडवी दांडी आणि खाली तीन चाकं. त्यात मूल बसत नाही. उभं राहतं आणि स्वतःच ढकलतं. म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराला अब्बा स्टेशनवर, अम्मी कँपात आणि मी नानीच्या अंगणात, तिघंही आपापली गाडी हाकत असायचो. यात मी तक्रार करत नाही. त्या पगारावर आम्ही जगलो. फक्त एवढंच की, अम्मीनं ढकललेल्या गाडीत मी कधी बसलो नाही.

आता पुन्हा इतिहासाकडे. 1965मध्ये ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्यानं छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. विमानाची चाकं हलकी हवीत आणि मिटायला हवीत. तीच युक्ती त्यांनी नातवंडांच्या गाडीला लावली. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची ती गाडी तीन किलोंहूनही कमी वजनाची होती. आता दाई नसलेली आई एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन बसमध्ये चढू शकत होती.

मग 1984. अमेरिकेतल्या याकिमा या गावात फिल बॅक्लर नावाचे पत्रकार होते. त्यांना पळायची आवड, आणि घरी तान्हा मुलगा. साध्या गाडीची बारकी चाकं पळताना थडाथड आपटत. त्यांनी बाळाच्या गाडीला सायकलची चाकं लावली, तीन. त्यातून पळताना ढकलायची गाडी जन्माला आली. मला वाटलं, आता कुठं ही गाडी खऱ्या अर्थानं बाबांची गाडी झाली! तोवर पुरुषानं बाबागाडी ढकलायची म्हणजे थोडं लाजायचंच काम होतं. 1990च्या दशकात न्यूझीलंडमध्ये शेतातल्या, डोंगरातल्या वाटांसाठी तशाच दणकट तीनचाकी निघाल्या आणि जगभर पसरल्या. कायद्याला चुकवायला आलेलं तिसरं चाक आता खडबडीत रस्त्यासाठी परत आलं होतं.

तीनच चाकं का चालतात? आपल्या तिपाईला विचारा. चार पायांचं टेबल ओबडधोबड जमिनीवर डगमगतं, एक पाय अधांतरी राहतो. तिपाई कशाही जमिनीवर तिन्ही पाय टेकून उभी राहते. शिवाय पुढं एकच चाक असल्यानं वळणं सोपं जातं. पण दुसरी बाजू रिक्षावाल्याला विचारा. अब्बा म्हणायचे, "चारचाकी वळणावर माफ करते, तीनचाकी करत नाही." पुढच्या बाजूला आधार एकाच बिंदूचा, त्यामुळं वेगात वळलं किंवा एक चाक फुटपाथच्या कडेवर चढलं की तोल कुशीवर जातो. बाबागाडीलाही हाच नियम. मागच्या दांडीला भाजीची जड पिशवी अडकवली आणि बाळाला उचललं, तर गाडी मागं उलटते; हे मात्र तीन आणि चार, दोन्ही चाकांचं दुखणं.

मुलीला मी जे सांगितलं ते असं. तीन चाकांची प्रत्येक गाडी पळण्यासाठी नसते. बनवणाऱ्यानं तसं लिहिलं असेल तरच पळावं, आणि बाळ किमान सहा ते आठ महिन्यांचं होऊन मान पक्की धरू लागल्यावरच. त्याआधी बाळाला सपाट निजता येईल अशीच गाडी हवी. पुढचं चाक दोन्ही तऱ्हेचं असावं : बाजारात मोकळं फिरणारं, पळताना सरळ अडकवता येणारं. हवेचे टायर खड्ड्यांत सुख देतात, पण पंक्चरही होतात. पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा : दोन खांदे, दोन बाजू आणि मांड्यांमधून एक. दुकानातून निघण्याआधी घराचं दार किती रुंद आहे ते मोजलेलं असावं. युरोपात या गाड्यांसाठी ईएन 1888 हे मानक आहे. तो आकडा गाडीवर शोधावा.

हे सगळं उगाच नाही. 2009मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे 10 लाख गाड्यांबाबत परतीची सूचना निघाली. गाडी उघडताना बिजागरीत सापडून 12 मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या नोंदी झाल्या होत्या. नातवंडांसाठी शोधलेली तीच मिटण्याची युक्ती! 2018मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं पळायच्या तीनचाकी गाड्यांच्या एका कंपनीवर दावा लावला. पुढचं चाक चटकन काढायची खिट्टी नीट लागली नसेल तर चाक निखळतं, हे कारण. आणि ऑक्टोबर 2009मध्ये मेलबर्नच्या एका स्टेशनवर आईचा हात क्षणभर सुटला, गाडी घरंगळत रुळांवर पडली आणि वरून लोकल आली. बाळ वाचलं, डोक्याला टेंगूळ येण्यावर भागलं. पण प्रत्येक वेळी असं नशीब कुठून आणायचं? म्हणून दांडीला मनगटाचा पट्टा हवा आणि थांबलं की ब्रेक हवाच.

एवढी माहिती जमवून मी अम्मीला मोठ्या ऐटीत वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतली. मग म्हणाली, "दुकानात लोक गाडी रिकामी ढकलून बघतात. रिकामी गाडी सगळ्यांचीच छान चालते. तिला सांग, दहा किलो पिठाची पिशवी ठेव, एका हातानं ढकल, उतारावर उभी कर आणि ब्रेक लावून हात सोड. अन् एकदा खाली बस, बाळाच्या उंचीवर. तिथून काय दिसतं ते बघ." मी विचारलं, "तुला कुणी शिकवलं हे?" ती म्हणाली, "दुसऱ्याचं लेकरू होतं ना गाडीत. त्याला काही झालं असतं तर काय सांगणार होते मी?"

मुलीनं दादीचं ऐकलं. दुकानदाराच्या डोळ्यांदेखत पिठाची पिशवी गाडीत ठेवून चकरा मारल्या. शेवटी तीन चाकांचीच घेतली. त्यांच्या जवळच्या बागेतल्या वाटा दगडगोट्यांच्या आहेत. पहिले महिने त्याच सांगाड्यावर बसणारा सपाट पाळणा, नंतर बैठक. नातीचं तोंड आईबापाकडे राहील अशी.

गेल्या महिन्यात तिनं बागेतून व्हिडिओ कॉल लावला. गाडी जावई ढकलत होते आणि मुलगी मोकळ्या हातांनी शेजारून चालत होती. अम्मी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ त्या गाडीकडे पाहत राहिली. ते दोघं एका बाकावर टेकले तसं ती एकदम म्हणाली, "अगं, ब्रेक लावलाय ना?"