गोटमारीची खूण : डोक्यावरील व्रणांवर उपचार आणि ते झाकण्याचे मार्ग

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मध्य प्रदेशातील पांढुर्णा येथे जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे, आणि तो झेंडा हस्तगत करण्यासाठी दिवसभर दोन्ही बाजूंनी गोट्यांचा वर्षाव. अखेरीस झेंडा चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला, दोघे नदीत गाठले गेले आणि दोन्ही काठांवरून दगड सुटले, अशी या प्रथेची कथा सांगितली जाते. प्रशासनाने गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते लोकांनी स्वीकारले नाहीत. पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन २०२३ मध्ये नवा जिल्हा झाला, तरी जखमींची संख्या दरवर्षी शेकड्यांतच मोजली जाते. काही वर्षी माणसेही दगावली आहेत.

वृत्तपत्रांत या जखमांची दखल एक-दोन दिवस घेतली जाते. व्रण मात्र जन्मभर डोक्यावर राहतो. जुन्या पिढीतील अनेकांना तो अंगावरच्या मानचिन्हासारखा वाटतो. नोकरीसाठी नागपूर-भोपाळला गेलेल्या किंवा लग्नाच्या वयात आलेल्या तरुणाला केसांच्या मधोमध चमकणारी ती पांढरी रेघ नकोशी वाटू शकते. गोव्यात गोटमार नाही, पण दुचाकींचे अपघात आहेत, आणि डोक्याला पडलेल्या खोकेचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे. म्हणून पांढुर्ण्याच्या निमित्ताने या व्रणांचा विचार येथे केला आहे.

व्रणावर केस का उगवत नाहीत

डोक्याच्या कातडीचे पाच थर मानले जातात. वरची त्वचा, तिच्याखालचा दाट तंतूंचा व चरबीचा थर, मग एक चिवट पांढरा पडदा, त्याखाली सैल ऊतींचा थर आणि शेवटी कवटीला चिकटलेले आवरण. रक्तवाहिन्या दुसऱ्या थरात तंतूंनी घट्ट धरून ठेवलेल्या असतात. त्या कापल्या गेल्या तरी सहज आकसत नाहीत आणि उघड्याच राहतात. लहानशा खोकेतूनही चेहरा भिजेल इतके रक्त वाहते ते यामुळेच. केसांची मुळेही त्वचेच्या तळाशी व त्याखालच्या चरबीत असतात. गोट्याचा आघात चाकूसारखा सरळ चिरत नाही. कवटी आणि दगड यांच्यामध्ये कातडी चेचली जाते, कडा फाटून वेड्यावाकड्या होतात, आणि त्या कडांतील मुळे तिथेच मरतात. त्यांची जागा शरीर तंतुमय ऊतींनी भरून काढते. या ऊतींत केसाचे मूळ नव्याने तयार होत नाही. म्हणूनच कोणतेही तेल, लेप, कांद्याचा रस किंवा जाहिरातीतले औषध पक्व व्रणावर केस उगवू शकत नाही. या एका गोष्टीची खात्री पटली, तर पुष्कळ पैसा वाचेल.

व्रण रुंद होण्याचे कारण वेगळे आहे. डोक्याची कातडी पोटाच्या किंवा गालाच्या कातडीसारखी ताणली जात नाही. खोक नुसती वरच्या त्वचेवर टाके घालून ओढून बंद केली आणि खालचा चिवट पडदा फाटलेलाच ठेवला, तर सगळा ताण वरच्या टाक्यांवर येतो. मग टाके निघाल्यावर काही महिन्यांत बारीक रेघेची पट्टी होते.

पहिले काही तास

डोक्यावरच्या व्रणाचे रूप बव्हंशी जखमेच्या पहिल्याच दिवशी ठरते. पुढे कितीही खर्च केला, तरी त्या दिवशीच्या चांगल्या कामाची बरोबरी क्वचितच होते.

रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ कापड घडी करून दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरावे. मधे मधे उचलून पाहू नये. मात्र खाली हाड खचल्यासारखे लागत असेल, तर जोर न देता नुसते झाकावे. हळद, अंगारा, चुना किंवा कॉफीची पूड खोकेत भरण्याची रीत अनेक गावांत आहे. श्रद्धेचा अंगारा कपाळाला लावावा, खोकेत नव्हे. तो पुढे धुऊन काढावा लागतो, आणि राहिलेले कण कातडीत कायमचे रुतून काळसर डाग पडतो. नदीतली वाळू आणि दगडाचा चुरा यांचेही तसेच आहे. जखम भरपूर वाहत्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुणे हे टाके घालण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हेही डॉक्टरांना सांगावे.

शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, झटका, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, वाढती डोकेदुखी, एका बाजूची कमजोरी यांपैकी काहीही आढळले, तर टाक्यांचा विचार नंतर करावा आणि आधी सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तेथील 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, 'मेयो' आणि मिहानमधील एम्स ही त्या भागातल्या लोकांची नेहमीची ठिकाणे. गोव्यात हे काम बांबोळीचे गोमेकॉ करते.

चांगल्या टाक्यांची लक्षणे रुग्णालाही ओळखता येतात. जखमेभोवतीचे सगळे केस तासून काढण्याची गरज बहुधा नसते. मेलेल्या कडा अगदी बेताने छाटतात. चिवट पडदा फाटला असेल तर तो आधी स्वतंत्र टाक्यांनी जोडतात. रक्त थांबवण्यासाठी विजेच्या सुईने भाजणे शक्य तितके टाळतात, कारण त्या उष्णतेने शेजारची निरोगी केसांची मुळेही जळतात. लहान, स्वच्छ खोकेवर दोन्ही कडांचे केस एकमेकांत पिळून त्यावर वैद्यकीय गोंदाचा थेंब टाकण्याची पद्धतही आहे. तिच्यात सुई लागत नाही, त्यामुळे मुलांसाठी ती सोयीची. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. जत्रेच्या दिवशी तात्पुरत्या वैद्यकीय शिबिरात रांग लागलेली असताना हे सारे नीट होणे कठीण असते, हे मान्य करावे लागेल. तिथे रक्त थांबवून जखम झाकून घेतली आणि कवटीला इजा नसेल, तर रुंद खोकेचे टाके त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात शांतपणे घालून घेण्यात काही गैर नाही.

पुढच्या पोळ्यापर्यंत थांबावे

ताजा व्रण लालसर, कडक आणि खाजरा असतो. तो मऊ, फिका आणि सपाट व्हायला बारा ते अठरा महिने लागतात. या काळात तो कापून पुन्हा शिवण्याची घाई करू नये. एका पोळ्याला झालेल्या व्रणाचा निर्णय पुढचा पोळा उलटल्यावर घ्यावा, असा सोपा हिशेब ठेवता येईल. दरम्यान केसांचे आच्छादन नसलेल्या त्या जागेला उन्हापासून जपावे. टोपी किंवा गमछा पुरतो. व्रण उंच वाढू लागला तर सिलिकॉन जेल लावता येते. सिलिकॉनच्या पट्ट्या केसांमुळे डोक्यावर टिकत नाहीत. फुगीर व्रणात किंवा किलॉईडमध्ये स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात. ते प्रमाणाबाहेर झाले तर कातडी पातळ होते, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घ्यावे.

व्रण पक्व झाल्यावर शस्त्रक्रियेचे दोन-तीन मार्ग असतात. अरुंद पट्टी कापून काढून कडा पुन्हा जोडणे हा सर्वांत साधा. त्यात एका कडेचा वरचा थर किंचित तिरका छाटून दुसरी कड त्यावर बसवतात. मग खाली गेलेली केसांची मुळे व्रणातूनच वर उगवतात आणि रेघ केसांत हरवते. पट्टी रुंद असेल तर काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत हेच करतात. तळहाताएवढा भाग उघडा पडला असेल, विशेषतः भाजल्यानंतर, तर ऊती-विस्तारक वापरतात. केसाळ कातडीखाली सिलिकॉनची पिशवी ठेवून तीत आठवड्या-आठवड्याने सलाईन भरत जातात. दोन-तीन महिन्यांत वरची कातडी वाढते आणि ती ओढून उघडा भाग झाकता येतो. केस नवे येत नाहीत, आहेत तेच थोडे विरळ होऊन अधिक जागा व्यापतात. पण इतक्या मोठ्या भागावर दाट केस देणारा याहून चांगला उपाय नाही. एक अडचण मात्र मोठी. ते दोन-तीन महिने डोक्यावर फुगा घेऊन वावरावे लागते, आणि संसर्ग झाला तर पिशवी काढून टाकावी लागते.

व्रणात केशरोपण

आज केशरोपण म्हटले की टक्कल डोळ्यांसमोर येते. इतिहास वेगळा आहे. जपानमधील त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्ये केसाळ त्वचेचे लहान गोल तुकडे बसवण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती भाजण्याने व जखमांनी केस गेलेल्या रुग्णांसाठी होती. महायुद्धाच्या धामधुमीत ती जपानबाहेर पोचली नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केल्यावर हे तंत्र जगभर टकलासाठी रूढ झाले.

आता मानेच्या वरच्या, डोक्याच्या मागील भागातून एक ते चार केसांची एकेक गाठ काढून व्रणात रोवतात. व्रणाच्या ऊती कडक असतात आणि त्यांत रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून निरोगी कातडीच्या तुलनेत कमी मुळे जगतात. जाणकार सर्जन पहिल्या बैठकीत थोडीच मुळे विरळ रोवतो, त्यांपैकी किती जगली ते पाहतो आणि मग दुसरी बैठक ठरवतो. रोवलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि खरा परिणाम दिसायला वर्ष लागते. एकाच दिवसात पूर्ण दाट केसांचे आश्वासन देणाऱ्याकडून दूर राहावे. कवटीचे हाड खाली खचलेले किंवा नाहीसे झालेले असेल, तर न्यूरोसर्जनच्या सल्ल्याशिवाय तिथे सुई लावू नये. व्रण जखमेचा नसून त्वचारोगाचा असेल, उदाहरणार्थ लायकेन प्लेनोपायलॅरिस किंवा डिस्कॉइड ल्युपस, तर रोग किमान वर्ष-दोन वर्षे शांत असल्याखेरीज रोपण करत नाहीत. केल्यास नवे केसही त्याच रोगाने जातात.

गोटमार खेळणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो. मागील भागातील मुळांचा साठा मर्यादित असतो आणि तिथेही गोटे लागलेले असतात. रोवलेला केस स्थिरावायला वर्ष हवे आणि जत्रा वर्षाने पुन्हा येते. पात्रात पुन्हा उतरायचे आहे की नाही, हे आधी ठरलेले बरे.

शल्यक्रिया कोण करतो हेही पाहावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. रीतसर प्रशिक्षित डॉक्टरनेच ती करावी आणि यूट्यूबवरील चित्रफिती पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आयुष्मान योजनेत बसत नाही, त्यामुळे खर्च खिशातूनच करावा लागेल असे धरून चालावे.

नुसते झाकायचे असेल तर

प्रत्येकाला शस्त्रक्रिया हवी असतेच असे नाही, आणि लहान व्रणाला तिची गरजही नसते. अनुभवी कारागिराने व्रणाभोवतीचे केस दीड-दोन इंच ठेवून भांग बदलला, तरी बोटभर लांबीची रेघ दिसत नाही. अगदी बारीक केस कापण्याची आवड असेल तर मात्र हा मार्ग बंद होतो. तिथे सूक्ष्म रंगांकन उपयोगी पडते. त्यात कापलेल्या केसांच्या टोकांसारखे ठिपके गोंदतात. व्रणाच्या ऊतींत रंग पसरण्याचा संभव असल्याने एकाच बैठकीत काम उरकू नये. काही वर्षांनी रंग फिका पडतो आणि पुन्हा भरावा लागतो. जत्रेतल्या गोंदणाच्या शाईने हे करून घेतले तर पुढे निळसर-हिरवट डाग उरतो, आणि सुई निर्जंतुक नसेल तर कावीळ बी व सीची भीती असते.

बाजारात मिळणारी केराटिनची भुकटी अस्तित्वात असलेल्या केसांना चिकटून ते दाट भासवते. पूर्ण उघड्या कातडीवर तिला धरायला काही नसते, आणि घामाने किंवा पावसाने ती ओघळते. वरून लावण्याचे केसांचे पॅच मोठ्या व्रणांना सोयीचे असतात. क्लिपचा पॅच रोज काढता येतो. गोंदाने चिकटवलेला अधिक नैसर्गिक दिसतो, पण खालची कातडी आठवडेच्या आठवडे झाकली गेली की बुरशी व फोड येतात, आणि क्लिपच्या सततच्या ओढीने शेजारचे केस गळतात.

काहीही वापरले तरी व्रण अधूनमधून उघडा करून पाहणे आवश्यक आहे. स्वतःला तो दिसत नाही, म्हणून घरच्या माणसाने किंवा नेहमीच्या न्हाव्याने पाहावा. वर्षानुवर्षे शांत असलेल्या व्रणावर, विशेषतः भाजल्याच्या जुन्या व्रणावर, महिना-दीड महिन्यात न भरणारी जखम झाली, कडा जाड होऊन उचलल्या गेल्या किंवा तिथून वारंवार रक्त येऊ लागले, तर तो त्वचेचा कर्करोग असू शकतो. अशा जागेवर मलम, पॅच किंवा रंग लावत बसू नये. तुकडा काढून तपासणीला पाठवण्यासाठी सरळ सर्जनकडे जावे.