स्नायू : एका बांधणाऱ्याची कुळकथा

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात एकाच जिन्यावर मराठी, गुजराती आणि बंगाली घरं सहज सापडतात. पावसाळ्यात त्या जिन्यावर कुणाचा पाय घसरला, की पडणारा हात टेकतो आणि मनगट सुजतं. मराठी शेजारीण म्हणते, 'स्नायू दुखावला असेल.' तिच्या मनात असतो मांसाचा स्नायू, शाळेत आपण ऐच्छिक आणि अनैच्छिक म्हणून पाठ केलेला. गुजराती घरातही तोच अर्थ. बंगाली घरात मात्र स्नायू म्हणजे मेंदूचे संदेश वाहणारी नस, आपला मज्जातंतू. मुरगळलेल्या मनगटात मुख्य इजा बहुधा या दोन्हींना नसते. ती होते हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्याला. डॉक्टर त्याला लिगामेंट म्हणतात, मराठी परिभाषेत तो अस्थिबंध. आणि स्नायू हे नाव मुळात या बांधणाऱ्याचं होतं.

या शब्दाचं कूळ फार जुनं आहे. वेदांत तो 'स्नावन्' या रूपात भेटतो, पारशांच्या अवेस्तात 'स्नावर' म्हणून. ग्रीकमधला 'न्यूरॉन' हा त्याचाच चुलतभाऊ. सूत कातणं, शिवणं अशा अर्थाच्या एका आदिम धातूपर्यंत भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांचं मूळ नेतात. जनावराच्या अंगातला तो चिवट तंतू माणसाने धनुष्याच्या दोरीसाठी वापरला आणि शिवणासाठीही. सुश्रुतसंहिता या शस्त्रक्रियेच्या प्राचीन ग्रंथात जखम शिवायच्या धाग्यांमध्ये ताग आणि जवसाच्या सुतासोबत स्नायूही सांगितला आहे. शरीर बांधणाराच शरीर शिवायलाही कामी आला.

सुश्रुताने ग्रंथाच्या 'शारीरस्थान' या भागात स्नायूंची मोजदाद केली आहे. शरीरात ९०० स्नायू, त्यांतले ६०० हातापायांत. एका हातात बोटागणिक ६ म्हणजे ३०, आणि तळहात, कूर्च (हातातला कुंचल्यासारखा जुडगा) व मनगट मिळून आणखी ३०. हातापायांतले आणि सांध्यांतले स्नायू त्याने 'प्रतानवती' म्हटले, वेलीच्या तणाव्यांसारखे फाटे फुटलेले. मनगटाचे अस्थिबंध पाहिले की हे विशेषण किती नेमकं आहे ते कळतं. दृष्टान्तही त्याने सहज समजेल असा दिला : फळ्या अनेक बंधांनी जखडल्या की नाव पाण्यात माणसांचा भार पेलते, तसंच स्नायूंनी सांधे बांधलेलं शरीर भार पेलतं. आणि पुढे बजावलं, की हाड, पेशी, शीर किंवा सांधा यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा माणसाला अधिक घातक. मांसाला त्याचा शब्द होता 'पेशी'. दोन्हींत त्याने गल्लत केली नव्हती.

सांध्यांचा त्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. चार बोटांत तीन-तीन आणि अंगठ्यात दोन, असे १४. आजचा विद्यार्थीही बोटांचे एवढेच सांधे मोजतो. मनगट मात्र त्याने एकच सांधा धरला, बिजागरीसारखा 'कोर' जातीचा. आज आपण तिथे दोन ओळींत बसलेली ८ छोटी हाडं मोजतो. एक नावेसारखं, एक चंद्रकोरीसारखं, एक वाटाण्याएवढं, एक आकड्यासारखं. शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियसने १५४३ च्या ग्रंथात त्यांना नुसते क्रमांक दिले होते. नावं मागाहून आली. या ८ हाडांना एकत्र ठेवतात ते अस्थिबंधच.

ही सुश्रुतसंहिता डल्हणाच्या टीकेसह मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केली. संपादक होते यादवजी त्रिकमजी आचार्य. १९३८ ची ती आवृत्ती वैद्य आजही उघडतात आणि तिथे स्नायू आपल्या मूळ अर्थाने भेटतो. बोलीत मात्र त्याला वाटा फुटल्या. मराठीत तो मांसाकडे गेला, बंगालीत मज्जातंतूकडे. ग्रीकांच्या न्यूरॉनचंही तेच झालं : आधी तंतू आणि धनुष्याची दोरी, मग इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या शवविच्छेदनानंतर मज्जातंतू. उघड्या डोळ्यांना अस्थिबंध, मांसाच्या टोकाच्या कंडरा आणि मज्जातंतू हे सगळे पांढरे दोरच दिसतात. नाव एकावरून दुसऱ्यावर सरकलं यात नवल नाही.

मनगटात एक जागा अशी आहे जिथे हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. तळहाताच्या बुडाशी हाडांची एक पन्हळ आहे. तिच्यावर आडवा ताणलेला छताचा पट्टा म्हणजे अस्थिबंध, सुश्रुताचा स्नायू. खालून बोटांकडे जाणाऱ्या ९ कंडरा म्हणजे आपल्या मराठी स्नायूंची टोकं. त्यांच्याच सोबतीने जाणारा एक मज्जातंतू हा बंगाली स्नायू. छताखालची जागा दाटली की हा मज्जातंतू दबतो आणि अंगठा व शेजारच्या बोटांना मुंग्या येतात.

शब्द सरकतात, त्याला इलाज नाही. पण मराठीत हा शब्द मांसाकडे गेला आणि बांधणारा बोलीत बिननावाचा राहिला. ज्याला नाव नाही त्याचं दुखणंही 'नुसतं मुरगळलंय' म्हणून सोडून दिलं जातं. नावेसारख्या आणि चंद्रकोरीसारख्या हाडांमधला अस्थिबंध तुटला, तर साध्या एक्स-रेत हाड मोडलेलं दिसत नाही. पण ती दोन हाडं हळूहळू एकमेकांपासून फाकतात आणि काही वर्षांत सांधा झिजतो. म्हणून हात टेकून पडल्यावर दोन आठवड्यांनीही मनगट दुखत असेल, मूठ आवळताना जोर लागत नसेल, तर तेल चोळत बसू नका, कुणाकडून ओढून-ताणून घेऊ नका. हाताच्या तज्ज्ञाला दाखवा आणि स्पष्ट विचारा : अस्थिबंध शाबूत आहे ना?