'जोर' आणि अदलाबदलीचा हिशेब : संगणकीय बुद्धिबळाच्या इतिहासातील एक प्रश्न

बुद्धिबळाच्या पटावर ज्या मोहऱ्याच्या रक्षणास दुसरे मोहरे सज्ज असते, त्यास 'जोर' आहे असे मराठी खेळाडू म्हणतो. रक्षणाविना उभे असलेले मोहरे 'बिनजोर' ठरते. या खेळाचे ज्ञान ग्रंथबद्ध करण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मुंबईत 1814 साली प्रसिद्ध झाला होता. मात्र जोर पुरेसा आहे किंवा नाही, हे यंत्रास समजेल अशा नियमांत मांडण्याची गरज विसाव्या शतकात निर्माण झाली.

क्लॉड शॅनन यांनी 1950 च्या शोधनिबंधात असे प्रतिपादन केले की, मारामारी अर्धवट असताना डावाचे मूल्यमापन करू नये. पट शांत झाल्यावरच ते करावे. ॲलन ट्यूरिंग यांच्या 1953 साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात याच विचाराचे ठोस नियम आढळतात. उलट मारणे, बिनजोर मोहरे मारणे आणि कमी किमतीच्या मोहऱ्याने अधिक किमतीचे मोहरे मारणे, अशा चालींचा पुढेही विचार करावा, असे ते सांगतात. 1952 मध्ये ॲलिक ग्लेनी यांच्याविरुद्ध त्यांनी हे नियम कागदावर हिशेब करून चालविले. तो डाव ट्यूरिंग यांच्या नियमांनी गमावला.

येथे दोन मर्यादा लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा केवळ मोजणीची. एका प्याद्यावर दोन हत्तींचा मारा असून त्यास एका प्याद्याचा जोर आहे, असे मानू. मारा दोन आणि जोर एक, तरीही प्यादे 1 व हत्ती 5 या किमतींनुसार मारणाऱ्याचे 3 गुणांचे नुकसान होते (1 – 5 + 1). दुसरी मर्यादा 'जोर आहे की नाही' एवढेच पाहण्याची. एका प्याद्याचा जोर असलेला घोडा घोड्याने मारला आणि मागे हत्ती सज्ज असला, तर 1 गुणाचा लाभ होतो (3 – 3 + 1). ट्यूरिंग यांच्या नियमांत ही पहिली चाल बसत नाही.

यावर पुढील काळात स्थिरावलेला उपाय असा : त्या घरावर प्रत्येक पक्षाने सर्वांत स्वस्त मोहऱ्याने आधी मारावे, एका मोहऱ्यामागे दडलेला दुसऱ्याचा माराही धरावा, आणि तोटा दिसताच थांबण्याची मुभा गृहीत धरून हिशेब शेवटाकडून उलट करावा. तथापि रक्षक मोहरे राजासमोर जखडलेले असल्यास त्याचा जोर नाममात्र राहतो आणि हा हिशेबही चुकू शकतो. तात्पर्य, जोराचे खरे मूल्य संख्येत नसून क्रमात आहे. आपल्या भाषेत प्रश्नाचे नाव आधीपासूनच होते. संगणकशास्त्राने त्यास क्रमाचे गणित दिले. म्हणून हा विषय मराठीतून शिकविताना परकी संज्ञांपेक्षा 'जोर' या शब्दापासून आरंभ करणे अधिक युक्त ठरेल.