काठी करणारा आणि काठी घेणारा

पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्याला हौशी खेळाडूंची जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. हिरव्या कापडाच्या टेबलावर लांब काठीने चेंडू टोलवण्याचा हा खेळ तेव्हापासून आपल्याकडे पुष्कळांना निदान नावाने तरी ठाऊक झाला. त्याचाच अमेरिकेतला भाऊबंद म्हणजे पूल. काठीला तिकडे क्यू म्हणतात. आज सांगायचे आहे ते या काठ्या मागणीबरहुकूम घडवणाऱ्या कारागिरांचे आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचे.

काठी दिसायला साधी. लांबी पाच फुटांना थोडी कमी, वजन अर्ध्या किलोहून किंचित जास्त, टोकाला चामड्याची चकती. पण मेपलचे लाकूड एका दमात तासून भागत नाही. लेथवर थोडे उतरवायचे, आठवडेच्या आठवडे टांगून ठेवायचे, पुन्हा थोडे उतरवायचे. अंगातला पीळ बाहेर यायचा तो या मुक्कामांतच येतो. आपल्याकडचा जाणता सुतार ओल्या बाभळीचा नांगर करून देत नाही, त्यातलाच हा प्रकार. इतके करूनही एखादी काठी वाकते आणि सगळी मेहनत वाया जाते.

भांडणाचे मूळ इथेच आहे. गिऱ्हाईक इसार देते आणि वाट बघत बसते. विचारायला गेले की उत्तर मिळते, "अहो, लाकूड मुरतंय!" हे उत्तर खरे असू शकते, आणि सगळ्यांत सोपी थापही तीच. बाहेरच्याला फरक कळावा कसा? नव्या गिऱ्हाइकाच्या इसारातून जुन्याचे लाकूड आणायचे, या चक्रात कारागीर एकदा सापडला की सुटणे कठीण. उलट बाजूही आहे. एकाच्या हाताच्या मापाने, त्याच्या आवडीच्या तोलाने केलेली काठी त्याने नेलीच नाही, तर ती दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालायची?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या जॉर्ज बालाबुश्का याची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. १९१२ साली रशियात जन्मलेला हा माणूस १९२४ मध्ये अमेरिकेत आला आणि लाकूडकामात रुळला. १९५९ मध्ये त्याने काही काठ्या केल्या त्या विकायला नव्हेत, नाताळात मित्रांना भेट द्यायला. म्हणजे इसार नाही आणि तगादाही नाही. १९६१ मध्ये 'द हसलर' हा चित्रपट आला, खेळाला उधाण आले आणि चांगल्या काठीला मागणी वाढली. बालाबुश्काने कारखाना मात्र काढला नाही. १९७५ मध्ये तो वारला, तोवर त्याच्या हातून हजार-बाराशे काठ्या झाल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे.

या काठ्यांच्या जाड भागात, फिक्या लाकडात गडद लाकडाची भाल्यासारखी टोके बसवलेली असत. तसा जोडलेला ठोकळा बालाबुश्का बहुधा आयता घेई, आधी ब्रन्सविक कंपनीचा, पुढे बर्टन स्पेन आणि गस झांबोटी यांच्याकडचा. मला यात लबाडी दिसत नाही. कुंभार तरी माती कुठे स्वतः बनवतो? पण त्याच्या माघारी नेमकी हीच गोष्ट ठकांच्या पथ्यावर पडली. तसाच जुना ठोकळा मिळवायचा, तसेच सूत मुठीला गुंडाळायचे आणि बालाबुश्काची म्हणून काठी विकायची. १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटाने तर त्याचे नाव खेळ न खेळणाऱ्यांच्याही तोंडी केले. गंमत अशी की, पडद्यावर बालाबुश्का म्हणून दाखवलेली काठी जॉस नावाच्या दुसऱ्याच कारखान्याची होती!

आता जुनी काठी विकत घेणारा आधी ती एखाद्या जाणकाराकडे नेतो. तो जाणकार जोडाचा स्क्रू बघतो, कडी बघतो, सूत बघतो, लाकडाच्या टोकांची उंची ताडून पाहतो आणि मग कागद लिहून देतो. तसा कागद नसेल तर काठी हाताला कितीही चांगली लागो, भाव पडतो. आणि मग घेणाऱ्याला पुढचा प्रश्न पडतो, की कागद लिहिणारा कोण?