जुन्या ऑसिलोस्कोपचा फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलाय? बदलण्याआधी हे वाचा

इंजिनिअरिंगला असताना आमच्या लॅबमध्ये एक जुना लॉजिक अॅनालायझर होता. चालू केला की फ्लॉपीवरून त्याची ऑपरेटिंग सिस्टीम लोड व्हायची. एकदा ती लोड होईना, म्हणून मी तीच डिस्क चार-पाच वेळा आत-बाहेर केली. ड्राइव्हच्या हेडवर घाण साचली होती, तिने डिस्कवर गोल चरा पाडला. डिस्कची दुसरी कॉपी नव्हती. एवढं चांगलं यंत्र त्या दिवसापासून नुसता खोका होऊन बसलं.

म्हणून या लेखातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: ड्राइव्ह बदलता येतो, डिस्कवरचा डेटा परत मिळेलच असं नाही. आधी डेटा वाचवा, मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या.

यंत्रात फ्लॉपीचं काम काय?

३.५ इंची एचडी फ्लॉपीला दोन बाजू असतात. प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला तर १४,७४,५६० बाइट, म्हणजेच आपण जिला १.४४ एमबी म्हणतो ती फ्लॉपी. तुमच्या फोनमधला एक फोटोही बहुतेक वेळा त्यात मावणार नाही.

टेस्ट इक्विपमेंटमध्ये फ्लॉपीची दोन कामं दिसतात:

- फक्त सेव्ह करणं: टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस ३००० मालिकेतल्या सुरुवातीच्या ऑसिलोस्कोपमध्ये स्क्रीनचं चित्र आणि वेव्हफॉर्म फ्लॉपीवर घेता येतात. इथे ड्राइव्ह गेला तरी स्कोप चालतो.
- यंत्र चालू करणं: एचपी १६५००ए या लॉजिक अॅनालायझरला सिस्टीम डिस्क लागतेच. डिस्क गेली की यंत्रही गेलं.

तुमचं यंत्र कोणत्या गटातलं आहे, हे आधी मॅन्युअलमध्ये बघा.

ड्राइव्ह का बिघडतो?

- हेडवर डिस्कचा चुरा आणि धूळ साचते.
- हेड सरकवणाऱ्या स्क्रूवरचं ग्रीस वाळून घट्ट होतं.
- काही जुन्या ड्राइव्हमध्ये मोटरचा रबरी पट्टा असतो. तो सैल तरी पडतो, नाहीतर चिकट होऊन वितळतो.
- कपॅसिटर गळतात आणि बोर्डाचे ट्रॅक खातात.

पहिले दोन दोष घरीही दुरुस्त होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने हेड हलकेच पुसा. वरचं हेड जास्त उचलू नका, त्याची नाजूक पट्टी वाकली की ड्राइव्ह संपला. जुनं ग्रीस पुसून थोडंसं नवं लावा.

पहिली पायरी: डिस्कची इमेज काढा

डिस्कच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. डिस्क साध्या पीसी फॉरमॅटची असेल तर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने इमेज निघते. पण एचपीच्या बऱ्याच जुन्या यंत्रांत एलआयएफ नावाचा वेगळा फॉरमॅट असतो, आणि वेगळी सेक्टर-रचना यूएसबी ड्राइव्हला वाचता येत नाही. तिथे ग्रीझवीझलसारखा छोटा बोर्ड आणि पीसीचा चांगला, स्वच्छ केलेला ड्राइव्ह वापरा. हा बोर्ड फॉरमॅटकडे न बघता डिस्कवरचे चुंबकीय बदलच टिपतो.

दुसरी पायरी: नवं काय बसवायचं?

दुसरा जुना ड्राइव्ह बसवता येतो, पण सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं. ड्राइव्ह मिळाला तरी डिस्क जुन्याच वापराव्या लागणार. त्यापेक्षा एम्युलेटर बरा. गोटेक हा त्यातला स्वस्त पर्याय. आकार ३.५ इंची ड्राइव्हएवढाच, पण डिस्कच्या जागी पेनड्राइव्ह. त्यात किअर फ्रेझर यांचं फ्लॅशफ्लॉपी हे मोफत फर्मवेअर टाकलं की एका पेनड्राइव्हवर अनेक डिस्कच्या इमेज ठेवून हवी ती निवडता येते.

तिसरी पायरी: जोडणी

यंत्राची वायर काढा आणि थोडा वेळ थांबा. पिक्चर ट्यूबचं यंत्र असेल तर तिच्या जवळपासही हात नेऊ नका, तिथे वायर काढल्यावरही हाय व्होल्टेज राहू शकतं. आतली छोटी बॅटरीही काढू नका. अनेक यंत्रांत कॅलिब्रेशनचे आकडे तिच्यावरच टिकून असतात.

आता केबल बघा:

- ३४ पिनची केबल: गोटेकला थेट बसते. उलटी लागली तर दिवा सतत पेटलेला राहू शकतो.
- २६ पिनची चपटी फिल्म: लॅपटॉपसारखे पातळ ड्राइव्ह असलेल्या यंत्रांत असते. अॅडॉप्टर बोर्ड लागेल.
- ड्राइव्ह सिलेक्ट: पीसीचा ड्राइव्ह १२ नंबरच्या पिनवरच्या सिग्नलला उत्तर देतो. बऱ्याच यंत्रांत मात्र १० नंबरची पिन वापरलेली असते. जुन्या ड्राइव्हचा जंपर बघून गोटेकवर एस० किंवा एस१ ठेवा.
- ३४ नंबरची पिन: पीसीत ती 'डिस्क बदलली' असं सांगते, शुगार्ट पद्धतीत 'ड्राइव्ह तयार आहे' असं. फ्लॅशफ्लॉपीच्या एफएफ.सीएफजी फाइलमध्ये यातली योग्य पद्धत निवडता येते.

मी तरी जुना ड्राइव्ह काढण्याआधी फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो काढतो. जंपर कुठे होता हे दोन दिवसांनी आठवत नाही.

शेवटी तपासणी

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून इमेजची कॉपी टाका. यंत्र चालू झालं की एक छोटी फाइल सेव्ह करा, यंत्र बंद-चालू करा आणि ती उघडते का बघा. 'डिस्क नाही' असा मेसेज आला तर आधी एस०-एस१ आणि ३४ नंबरची पिन तपासा.

मूळ इमेज लॅपटॉपवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. चांगली डिस्क असेल तर इमेज काढायला दोन-तीन मिनिटं पुरतात. आमच्या लॅबमध्ये तेवढी दोन-तीन मिनिटं कोणी दिली नव्हती, मीसुद्धा नाही.