इंजिनिअरिंगमधील न्यूरोडायव्हर्स विद्यार्थी: एआयची मदत कुठवर, कागद कुठला लागतो?

गणितात पक्का, पण प्रश्न वाचतानाच अडखळणारा मुलगा. मराठी शाळेतून आलेला असेल तर ‘इंग्रजी कच्चे’ म्हणून विषय संपवतात. पण कारण डिस्लेक्सियाही असू शकते. डिस्लेक्सिया, एडीएचडी, स्वमग्नता असलेल्या, म्हणजे मेंदूची कामाची पद्धत वेगळी असलेल्या मुलांना न्यूरोडायव्हर्स म्हणतात. हुशारी कमी असा त्याचा अर्थ नव्हे.

अभ्यासात एआय कामाला येते. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी साधने आधीपासून आहेत; चॅटजीपीटी, जेमिनाय त्यापुढे जातात. समजा, मेकॅनिक्सचा आठ ओळींचा प्रश्न आहे: शिडी भिंतीला टेकलेली, फरशीचे घर्षण दिलेले. ‘उत्तर नको, दिलेले आकडे, काढायचे काय आणि पहिली पायरी एवढेच मराठीत सांग’ असे विचारले की प्रश्न आवाक्यात येतो. फ्री बॉडी डायग्राम मात्र स्वतःच काढायची, नाहीतर शिकणे झालेच नाही. एडीएचडीत काम सुरू करणेच जड जाते. तिथे जर्नलचे काम वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत वाटून घेता येते. व्हायवाची धास्ती असलेल्या स्वमग्न विद्यार्थ्याला तेच प्रश्न दहा वेळा विचारून घेता येतात. एवढा धीर मित्रांना कुठला!

चॅटबॉट एकके आणि चिन्हे चुकवतो, तेही ठामपणे. आकडे उलटसुलट वाचणाऱ्याला ती चूक पकडणे आणखी कठीण, म्हणून उत्तर पुस्तकाशी ताडून पाहावेच. प्रमाणपत्राचा फोटो चॅटबॉटवर टाकू नये.

परीक्षेच्या हॉलमध्ये यातले काहीच चालत नाही. तिथे हक्काचा कागद लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता व स्वमग्नता आहेत. एडीएचडीचे वेगळे नाव नाही, आणि ही उणीव मोठी आहे. कलम १७ मध्ये जादा वेळ व लेखनिकाची तरतूद आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा धरली आहेत. ४० टक्के अपंगत्वाची अट लावून लेखनिक नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात स्पष्ट केले.

सीमाभागासाठी कलम ५८ लक्षात ठेवावे: दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर चालते. निपाणीच्या मुलाने कोल्हापुरात प्रवेश घेतला आणि काउंटरवर कोणी ‘आपल्या राज्याचे आणा’ म्हणाले, तर हेच कलम दाखवावे. सवलतीचा लेखी अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबरच द्यावा. हॉल तिकीट हातात येईपर्यंत थांबू नये.