शक्तिमानची सकाळ

मी लष्करात, ईएमई या दुरुस्ती-देखभालीच्या शाखेत मेकॅनिक होतो. माझा हात शक्तिमानवर बसला. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर हा ट्रक 1959 पासून जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात बनू लागला. 1969 मध्ये तिथेच वेगळा वाहन कारखाना उभा राहिला. उत्पादन 1996 पर्यंत चाललं.

मेंटेनन्स परेडला आमचे उस्ताद चाकं कानाने तपासायचे. एकेका नटावर हातोडीची टिचकी. घट्ट नट खणकन वाजतो, ढिला बद्द. मग डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या ग्लासात थोडं डिझेल घ्यायचं, उजेडात धरायचं. तळाशी पाण्याचा थेंब लोळताना दिसला, की स्वच्छ डिझेल येईपर्यंत वाहू द्यायचं. लडाखच्या थंडीत तोच थेंब गोठतो नि इंजिन उपाशी मरतं. 3,528 मीटरवरच्या झोजिला खिंडीत एक गाडी अडली, की मागचा अख्खा ताफा अडतो. लढायांच्या इतिहासात या ग्लासाला जागा मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे शक्तिमानच्या जागी स्टॅलियन ट्रक आले. त्यांच्या एअर ब्रेकच्या टाक्यांतलंही पाणी काढावं लागे. हातोडी मात्र उस्तादांचीच होती.